रेव्हुएल्तास: पुढे काय ऐकावं, आणि छोट्या गटाने काय वाजवावं?

आडचौताल:
सिल्वेस्त्रे रेव्हुएल्तास या मेक्सिकन रचनाकाराचं 'ला नोचे दे लोस मायास' भरपूर ऐकून झालंय. आता पुढे काय ऐकावं? शिवाय बारा-तेरा जणांच्या गटाला त्याचं काही वाजवता येईल का? ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, क्लॅरिनेट, पियानो, व्हायोलिन आहेत. व्हायोला कुणीच वाजवत नाही. आणि त्याचंच 'सेन्सेमाया' ऐकताना सातची मोजणी हमखास सुटते. ती कशी धरायची?

खर्ज_पंचम:
'नोचे' आवडणं साहजिक आहे, पण तुम्ही ऐकता तो चार भागांचा सूट (तुकड्यांची जोडलेली मालिका) रेव्हुएल्तासने बांधलेला नाही. त्याने १९३९ मध्ये त्या नावाच्या चित्रपटाला संगीत दिलं आणि ५ ऑक्टोबर १९४० ला, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. चित्रपटातले तुकडे निवडून, जोडून सूट केला तो होसे इवेस लिमांतूर या वाद्यवृंद-संचालकाने, वीस वर्षांनी. शेवटच्या भागातला तालवाद्यांचा तो प्रचंड गजर बराचसा लिमांतूरच्या मांडणीतला आहे. 'रेदेस'चंही तसंच: चित्रपटाचं संगीत त्याचं, पण नेहमी वाजणारा सूट एरिक क्लायबर या संचालकाचा.

म्हणून त्याने स्वतः पूर्ण केलेल्या रचना आधी ऐका. एकेक रचना पाच ते बारा मिनिटांची. मोठा डोलारा त्याला नकोच होता. कल्पना मांडली, दुसरीवर आदळवली, थांबला. 'ओचो पोर रादिओ' (१९३३), मग स्पॅनिश कवी लोर्काला वाहिलेली आदरांजली (१९३६), मग 'सेन्सेमाया'. हा क्रम मला सर्वात योग्य वाटतो.

पितळी_सूर:
तुमच्या गटासाठी 'ओमेनाहे आ फेदेरिको गार्सिआ लोर्का' घ्या. त्यात व्हायोला नाहीच, चेलोही नाही. लागतं ते असं: पिकोलो (छोटी, उंच सुराची बासरी), ई-फ्लॅट क्लॅरिनेट (नेहमीच्या बी-फ्लॅटपेक्षा छोटा, उंच सुराचा), दोन ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, तालवाद्यं, पियानो, व्हायोलिनचे दोन भाग आणि डबल बास. वर किंचाळणारे सूर, खाली ट्युबा, मधली जागा जवळजवळ रिकामी. गावातल्या बँडचा तो उघडा, बोचरा आवाज याच रिकामेपणातून येतो. 'बास एकटा पडतो' म्हणून चेलो घालायचा मोह होईल, तो टाळा. पोकळी बुजली की रचनेतला अर्धा जीव गेला.

तीन भाग: बाइले (नृत्य), दुएलो (शोक), सोन (मेक्सिकन लोकसंगीताचा प्रकार). पहिल्या भागाच्या सुरुवातीला एकट्या ट्रम्पेटचं बोलल्यासारखं वाजवणं आहे. तिथे संचालकाने हात हलवत बसू नये, वादकाला श्वास घेऊ द्यावा. दुएलो हा लोर्काचा शोक आहे (१९३६ च्या ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं). पियानोची एकच आकृती फिरत राहते. तिला 'भावपूर्ण' करायला गेलं की लय ढिली पडते आणि वरचं ट्रम्पेटचं रडणं गोड होऊन बसतं. पियानो सपाट, काटेकोर हवा. सोनमध्ये सहा मात्रा कधी ३+३, कधी २+२+२ अशा पडतात. तालमीत आधी नुसत्या टाळ्यांवर बसवा.

ठेका_सात:
सेन्सेमाया: माप मुख्यतः ७/८, वाटणी २+२+३. आपल्या कानाला रूपक म्हणजे ३+२+२, त्यामुळे समेपासून रूपक धरला की लांब खंड चुकीच्या जागी येतो. चौथ्या मात्रेपासून सुरू करा: धी ना, धी ना, ती ती ना. बरोबर बसतं.

वादकांची चूक वेगळीच असते. शेवटच्या तीन मात्रा ते दोनच्या वेळात कोंबतात आणि सातचं सहा होतं. उपाय एकच, आठव्या भागाची (म्हणजे ७/८ मधल्या एकेका मात्रेची) नाडी कुणीतरी सतत चालू ठेवायची. सुरुवातीला ते काम 'बसून' या खर्जातल्या फुंकवाद्याचं असतं. त्यावरच कान ठेवा, ट्युबाच्या सुरावटीवर नको. ट्युबा त्या नाडीवर तरंगत येतो. मध्येमध्ये ७/१६ ची मापं घुसतात. तिथे नाडी तीच, माप निम्मं, म्हणून पाय घसरतो.

निकोलास गियेन या क्यूबन कवीच्या साप मारण्याच्या कवितेवर ही रचना आहे. १९३७ ची आवृत्ती छोट्या वाद्यवृंदासाठी, १९३८ ची मोठ्यासाठी. मोठी ऐका, पण बाराजणांत वाजवायला जाऊ नका. शेवटी आधीच्या सगळ्या सुरावटी एकमेकींवर चढतात, तेवढे थर उभे करायला माणसंच पुरणार नाहीत.

आडचौताल:
फार उपयोगी. ई-फ्लॅट क्लॅरिनेट मिळाला नाही, तर बी-फ्लॅटवर चालेल का?

पितळी_सूर:
नको. सूर पोचतील, पण उंचावर आवाज पातळ आणि सभ्य होईल. इथे तो कर्कशच हवा. वाद्य मिळेपर्यंत 'ओचो पोर रादिओ' बसवा. आठच वादक: क्लॅरिनेट, बसून, ट्रम्पेट, तालवाद्यं, दोन व्हायोलिन, चेलो, डबल बास. लोर्का वाजवाल तेव्हा पिकोलो आणि ई-फ्लॅट क्लॅरिनेट यांना शेजारी बसवा आणि त्या दोघांचीच तालीम वेगळी घ्या. दोन्ही वाद्यं तापली की सूर चढतात, पण सारखे चढत नाहीत, आणि ते एकत्र आले की फरक लगेच कळतो.

खर्ज_पंचम:
हक्कांचंही पाहून ठेवा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मूळ रचनेचा कॉपीराइट संपतो, म्हणजे रेव्हुएल्तासचा कधीच संपला. लिमांतूरच्या मांडणीला तो हिशेब लागू नाही, तिचा हक्क वेगळा.