गरोदर बायकांच्या रक्तावरून अख्ख्या देशातल्या गुप्तरोगांचा कल सांगायचा का?

ऐरोलीकर (धागा)

अकरा वर्षं मी एका संस्थेतर्फे तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर आणि एपीएमसीच्या आसपास काम केलं. ड्रायव्हर, क्लीनर, माथाडी, नाक्यावर उभे राहणारे सेंटरिंगवाले, सगळ्यांशी एचआयव्ही आणि गुप्तरोगांबद्दल बोलायचं आणि तयार झाले तर तपासणीला न्यायचं, असं ते काम. प्रशिक्षणाला गेलो की एक आलेख हमखास पडद्यावर यायचा. त्यात प्रौढांमधल्या सिफिलिसची, म्हणजे आपण जिला गरमी म्हणतो तिची, देशभराची रेघ उतरत गेलेली असायची. ती पाहून सभागृहाला बरं वाटायचं, मला कधीच वाटलं नाही.

ती रेघ मुख्यतः प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या बायकांच्या रक्तावर उभी असते. त्या बहुतेक विशी-तिशीतल्या आणि लग्न झालेल्या, कारण सरकारी केंद्रात नाव नोंदवलं की रक्त घेतलंच जातं. गावी बायको ठेवून आलेला पस्तिशीचा कामगार त्यात नाही. चाळिशी उलटलेली बाई नाही, बिनलग्नाची माणसं नाहीत. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या दुसऱ्या दोन गुप्तरोगांचं तर आणखी अवघड. बायकांमध्ये ही दुखणी बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाहीत, मग त्या तपासायला येतील कशाला?

आणि ज्याला लक्षण दिसतं तो पुरुष कुठे जातो, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. संध्याकाळची वेळ. मेडिकलच्या काउंटरवर दोन बायका खोकल्याचं औषध घेत असतात, म्हणून तो बाजूला मोबाइल बघत उभा राहतो. त्या गेल्या की पुढे सरकून म्हणतो, "लघवीला जळजळ होते." समोरून एकही प्रश्न येत नाही. ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी कागदी पाकिटात पडते, पैसे दिले की तो निघाला. दोन दिवसांत बरं वाटतं आणि उरलेली गोळी शर्टाच्या खिशातच राहते. ना नाव, ना तपासणी, ना बायकोला औषध. देशाच्या कुठल्याही तक्त्यात तो माणूस नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दर पाच वर्षांनी घरोघरच्या सर्वेक्षणात रक्त आणि लघवी तपासा. ते होत नाही तोवर "देशात घट झाली" असं छातीठोक बोलू नका.

आकडेमोड (ठाणे पश्चिम)

ऐरोलीकर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुम्ही पातळी आणि कल यांची गल्लत करताय. मोरबे धरणात पाणी किती आहे हे कुणी बादलीने मोजत नाही. एका जागची पट्टी वाचतात. दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने वाचली तर पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. गरोदर बायका ही तशी पट्टी आहे. त्या सगळ्या प्रौढांसारख्या नाहीत हे मान्य, पण दरवर्षी साधारण तसाच गट येतो.

शिवाय अंदाज बांधणारे येईल तो आकडा तसाच छापत नाहीत. एचआयव्हीच्या अंदाजासाठी आपल्याकडे वापरतात त्या स्पेक्ट्रम या संगणकीय प्रणालीचा गुप्तरोगांसाठीही एक भाग आहे. झिम्बाब्वे आणि मोरोक्कोसाठी तो वापरला गेला आहे. कुठल्या वर्षी, कुठल्या गटात, कोणती चाचणी लावली, ती चाचणी किती चुकते, हे सगळं धरून आकडे दुरुस्त करतात. मग त्या ठिपक्यांतून रेघ काढतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टा दाखवतात. सभागृहात रेघ दाखवून पट्टा लपवला असेल तर तो दाखवणाऱ्याचा दोष.

तुमच्या घरोघरच्या सर्वेक्षणाचा हिशेबही मांडतो. समजा एखादा आजार १०० प्रौढांत एकाला आहे आणि पाच वर्षांत तो ०.७ टक्क्यावर आला. ही घट खात्रीने पकडायची तर दोन्ही वेळेस सुमारे १५,००० माणसं तपासावी लागतील. तीही फक्त देशाचा एक आकडा मिळवायला. ठाणे जिल्ह्याचा वेगळा हवा असेल तर इथे पुन्हा १५,०००. एवढ्या पैशात किती किट येतील?

ऐरोलीकर

मोरब्याचाच दाखला घेऊ. धरणात गाळ साचला तर पट्टी तेच सांगते आणि पाणी मात्र कमी असतं. तपासणीला येणाऱ्या बायकांचा गटही तसाच बदलत असतो. आता दोन मुलांवर थांबतात, लग्नं उशिरा होतात, ज्यांना परवडतं त्या खासगी नर्सिंग होममध्ये नाव घालतात. २०२० च्या टाळेबंदीत तर ओपीडीच ओस होत्या. त्या वर्षी नोंदी घटल्या म्हणजे आजार घटला का?

सर्वेक्षण कशासाठी म्हणता, तर २००७ आठवा. त्याआधी देशात ५२ लाख एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण ०.२८ टक्के निघालं आणि अंदाज एकदम २५ लाखांच्या आसपास आला. निम्म्यावर! ठरावीक दवाखान्यांच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं दुप्पट चित्र रंगवलं गेलं होतं. घरोघर गेले नसते तर ते कळलं असतं का?

लॅबवाली

मी तंत्रज्ञ आहे, एका पालिका रुग्णालयात. दोघंही चाचणीवरून घाईने पुढे गेलात, म्हणून लिहिते.

आम्ही आरपीआर, म्हणजे सिफिलिसची एक रक्तचाचणी, लावतो तेव्हा कार्डावरच्या गोल खणात सीरमचा थेंब पसरवायचा, त्यात काळ्या कणांचा द्राव घालायचा आणि कार्ड आठ मिनिटं फिरत्या यंत्रावर ठेवायचं. मग उजेडात धरून बघायचं. कण एकसारखे राखाडी पसरले तर निगेटिव्ह, काळ्या गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. बारीक गुठळी असली की दोन तंत्रज्ञांचे दोन निकाल येऊ शकतात. शिवाय गरोदरपणात किंवा दुसऱ्या काही आजारांत ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी चाचणी किंवा झटपट चाचणीची पट्टी लावली तर वर्षांपूर्वी इंजेक्शन घेऊन बरी झालेली बाईही बहुधा पॉझिटिव्हच दिसते, कारण सिफिलिसविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची खूण पुष्कळदा जन्मभर जात नाही.

मधल्या एखाद्या वर्षी केंद्राने कार्ड सोडून पट्टी धरली तर रेघ चाचणीमुळे हलेल, आजारामुळे नाही. आकडेमोड म्हणतात तशी दुरुस्ती करता येते, पण कोणती चाचणी लावली हे नोंदीत असेल तरच. "सिफिलिस पॉझिटिव्ह: २" एवढंच लिहिलेले मासिक तक्ते मी पाहिलेत. त्यातून काय दुरुस्त करणार?

घोडबंदरची

सगळी चर्चा वाचली. माझा मुद्दा वेगळा आहे आणि मी घरोघरच्या तपासणीच्या ठाम विरोधात आहे.

माझं माहेर वागळे इस्टेटमधलं, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण. तिथे आशाताई लघवीची बाटली घेऊन दारात उभी राहिली तर अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीला कळेल. नमुना बिननावाचा आहे हे सासूला कोण समजावणार? आणि बाईचा निकाल पॉझिटिव्ह आला की "तू कुठून आणलंस" हा प्रश्न तिलाच. नवऱ्याने आणलं असलं तरी. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा गोपनीयता देतो, पण कायदा चाळीच्या जिन्यात उभा राहत नाही.

निकाल सांगायचाच नाही, असंही चालणार नाही. क्लॅमिडियाने पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. माझ्या शरीरातलं दुखणं तुम्हाला कळलं, तुम्ही ते देशाच्या रेघेत घातलं आणि मला सांगितलं नाही, हे मला मान्य नाही.

समुपदेशक, कळवा बाजू

ताई, तुमचं दारातल्या बाटलीचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण ऐरोलीकर दादांचंही सोडवत नाही.

मी सुरक्षा क्लिनिकमध्ये बसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसटीआयसाठी (लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांसाठी) सरकारी दवाखान्यात जी वेगळी खोली असते ती ही. आमच्याकडे बऱ्याचदा लक्षणांवरून औषध देतात. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी किट (रंगावरून ओळखायचं औषधांचं तयार पाकीट), जननेंद्रियावर जखम असेल तर पांढरं, पाण्याचे फोड असतील तर लाल. माणूस हातचा जाऊ नये म्हणून ही पद्धत चांगली आहे. पण महिनाअखेर याच किटांवरून तक्ता भरला जातो, आणि तिथे मला घोर लागतो.

सगळ्यात जास्त बायका अंगावरून पांढरं जातंय म्हणून येतात. त्यातल्या कित्येकींना साधा बुरशीचा संसर्ग असतो किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. दोन्हीची गणना लैंगिक संक्रमणात होत नाही. तरी हिरवं किट दिलं की तक्त्यात एक वाढला. दुसरीकडे तिच्याच शेजारी बसलेल्या, काही त्रास नसलेल्या बाईला क्लॅमिडिया असला तरी तो शून्य. म्हणजे आमचा तक्ता एका बाजूला फुगलेला आणि दुसऱ्या बाजूला रिकामा. आकडेमोड सर, यातून तुमचा कल निघेल का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि दर काढायला कोणत्या लोकसंख्येने भागायचं? नवी मुंबईची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या ११.२ लाख. त्यानंतर घणसोली, दिघा, कोपरखैरणे किती वाढलं ते डोळ्यांनी दिसतंय. ठाणे जिल्ह्याचे तर १ ऑगस्ट २०१४ ला दोन तुकडे झाले. पालघर वेगळं होण्याआधीचे आणि नंतरचे जिल्ह्याचे आकडे एका रेघेत जोडलेले पाहिले की पोटात गोळा येतो.

आकडेमोड (ठाणे पश्चिम)

समुपदेशक ताई, नाही निघत. लक्षणांवरच्या किटांवरून प्रादुर्भावाचा कल काढू नये, त्यातून फार तर कामाचा भार कळतो. अपवाद एक. पुरुषांच्या लघवीच्या जागेतून पू येण्याची नोंद तुलनेने भरवशाची असते, कारण त्यामागे बहुधा परमा किंवा क्लॅमिडिया असतोच. ती एकच ओळ वेगळी ठेवून वर्षानुवर्षं पाहिली तर उपयोग आहे. पण ऐरोलीकरांचा मेडिकलवाला मध्ये आहे तोवर तीही अर्धीच, हे कबूल करतो.

२००७ च्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबा. त्या वर्षी पातळी निम्म्यावर आली, पण नव्या पद्धतीने मागची वर्षं पुन्हा मोजल्यावरही साथ ओसरत असल्याचंच दिसलं. कलासाठी ठरावीक केंद्रं आणि पातळीसाठी अधूनमधून सर्वेक्षण, दोन्ही लागतात. तुम्ही पहिलं फेकून द्यायला निघालात, त्याला माझा विरोध आहे. आणि एचआयव्हीला बोटाच्या टोकाचं रक्त कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवता आलं. परमा-क्लॅमिडियासाठी लघवी गोळा करायची, सांभाळून न्यायची, महागडी चाचणी लावायची. तुलना सरळ होत नाही.

मेडिकलवाला

मी काउंटरच्या आत उभा राहणारा आहे, म्हणून लिहितो. ऐरोलीकरांनी लिहिलेला माणूस माझ्याकडेही येतो. मी चिठ्ठी मागतो तेव्हा तो पुढच्या दुकानात जातो. "सरकारीत जा" म्हटलं तर म्हणतो दिवसाचा रोज बुडेल, क्लिनिक सकाळी असतं. संध्याकाळी सात ते नऊ उघडं ठेवा, मी स्वतः पत्ता लिहून पाठवीन. मग तुमच्या तक्त्यात तो येईल.

ऐरोलीकर

घोडबंदरच्या ताई, दारात बाटली न्यायची नाही, हे मी मागे घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर पुरुषांचे अड्डे होते, खोलीतली सून नव्हती. नमुना दवाखान्यात, दुसऱ्या कुठल्या तपासणीबरोबर घ्यावा आणि निकाल व औषध तिथेच, तिच्या एकटीच्या हातात द्यावं. जोडीदाराला औषध द्यायचं तेही तिला विचारूनच.

आकडेमोड, ठरावीक केंद्रं बंद करा असं मी म्हणत नाही. पण ४०० बायकांच्या एका केंद्रावर शेकडा एक प्रमाण असेल तर यंदा दोन आणि पुढच्या खेपेला सहा निघणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. त्यावर "शहरात वाढ" किंवा "शहरात घट" असा मथळा करू नये, एवढं तरी मान्य आहे ना?

आकडेमोड (ठाणे पश्चिम)

ते मान्यच आहे. एका केंद्राच्या आकड्यावर मथळा करणं चूकच.

लॅबवाली

मग एक काम आजच होण्यासारखं आहे. मासिक तक्त्यात पॉझिटिव्हच्या शेजारी चाचणीचं नाव आणि एकूण किती जणींची तपासणी केली, हे दोन रकाने. आमच्याकडे मी पेनाने रेघ मारून ते घातलेत. वरून अजून कुणी हटकलेलं नाही.

समुपदेशक, कळवा बाजू

तुमच्या तक्त्याचा फोटो पाठवा, आकडे झाकून. सोमवारच्या बैठकीत दाखवते.