वाटा तीन, तर गुण आठ? आपली आंब्याची साखळी खरंच लवचीक आहे का?

बागवाला_पावस
आमच्या बागायतदार गटाच्या पुरवठा साखळीला एका सल्लागाराने लवचीकतेचे दहापैकी आठ गुण दिले. कारण काय, तर वाशीच्या घाऊक बाजारात जायला महामार्ग आहे, आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे दुसरी वाट आहे आणि कोकण रेल्वे आहेच. मला हे मोजणं पटत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्याच पावसात महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल गेला, आंबा घाट खचला, रेल्वे थांबली. एका पावसात तिन्ही जात असतील तर ते तीन पर्याय कसले?

चौदा आण्याला, म्हणजे जवळपास पूर्ण तयार झाल्यावर पण हिरवंच, उतरवलेलं फळ अढीत आठ-दहा दिवसांत पिकतं. आज वाशीत दर पडला तर उद्या संध्याकाळपर्यंत तीच पेटी दुसरीकडे वळवता येते का, आणि वळवताना पेटीमागे किती जातात? एवढं सांगा. गुण राहू देत.

हिशेबी_दापोली
काका, जुलैत हापूस कुठे असतो? हंगामातलं बोला. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. मे महिन्यात एसटीनेही मालवाहतूक सुरू केली. कसलाही तक्ता न मांडता साखळी वळली. माझ्या मते आठ कमीच.

बागवाला_पावस
जुलैचं कबूल. (कॅनिंगवाल्यांचा रस पावसाळ्यातही बाहेर जातो, पण ते असो.) २०२० ला वळले कोण? ज्यांची मुंबईत ओळख होती, गाडी होती ते. ज्याने दलालाकडून उचल घेतलीय त्याची पेटी कागदावर कुठेही जाते, प्रत्यक्षात वाशीलाच उतरते.

देवगडचो
तुमी वाटा मोजतास. पेटयो भरूक माणसां खंय आसत? बागेत राखणीक नेपाळी. ते मधीच घराक गेले काय घाट उघडो असून काय उपेग?

गाळेवाला
उचलीला नावं ठेवणं सोपं आहे. मोहोर करपला त्या वर्षी फवारणीचे पैसे कोणी दिले होते? लवचीकता फुकट येत नाही, साहेब. मी पन्नास बागांचा माल घेतो. एकाचा मोहोर गेला तरी माझा गाळा चालू राहतो. लवचीकता आहेच, फक्त ती तुमच्या बागेत नाही, माझ्या गाळ्यावर आहे.

बागवाला_पावस
धागा काढून मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. मग ते आठ गुण आमच्या गटाच्या नावावर कशाला?

हिशेबी_दापोली
हे मात्र मान्य. सगळ्या साखळीला मिळून एक आकडा देण्यात अर्थ नाही, कोणाच्या हातात काय आहे ते बघायला हवं. तरी काका, येत्या हंगामात शंभरातल्या वीस पेट्या बाहेर विकून बघा. त्यांचा हिशेब आणि वाशीची पट्टी (दलालाने दिलेला विक्रीचा हिशेब), दोन्ही इथे टाका.

बागवाला_पावस
वीस नाही, दहा. बाकी नव्वदांवर उचल घेऊन झालीय.