मून कॅक्टसचा खालचा दांडा सडायलाय, वरचा गोळा वाचंल का?

गच्चीवरची_परभणी: नर्सरीतून लाल गोळ्याचा कॅक्टस आणला होता. गोळा अजून टणक आहे, पिल्लं पण फुटलीत, पण खालचा तिधारी दांडा मातीपाशी पिवळा पडून मऊ झालाय. गोळा कापून नुसता मातीत लावला तर मुळं धरंल का?

काटेवाला_बीड: नका लावू ताई, मरंल. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, सगळं जेवण खालच्या दांड्याकडून येतं. जपानमध्ये १९४१ ला जिम्नोकॅलिशियम नावाच्या कॅक्टसच्या रोपांत असली लाल रोपं निघाली, ती कलम केली म्हणून तर जगली. दांडा ड्रॅगन फ्रूटच्या जातीतला असतो, आता आपल्याकडं बरेच जण शेतात लावायलेत, छाटणीचा तुकडा कुणीबी देतंय. तो आधी कुंडीत मुळं धरू द्या, मग ब्लेड स्पिरिटनं पुसून दांडा आडवा कापा, तिन्ही धारांचे कोपरे तासा, गोळ्याचं बूड पण ताजं कापा आणि लगेच बसवा. दोन्हीकडं मधी गोल कडं दिसतं, ती कडी कुठंतरी एकमेकांवर आलीच पाहिजेत, गोळा बाजूला सरकला तरी चालंल. नाहीतर आधी चिकटल्यागत दिसतं अन मग सुरकुतून हातात येतं. वरून कुंडीखालून रबर बँड, आठ-दहा दिवस सावली, कापावर पाण्याचा थेंब नको.

मातीत_हात_लातूर: एवढं सगळं करायच्या आधी दांडा वरून तपासा की! वरचा भाग कडक हिरवा असंल तर सडकं कापून टाका, आतमधी तपकिरी डाग दिसंना होईपर्यंत. मग आठवडाभर सावलीत वाळवून तोच दांडा गोळ्यासकट वाळूत लावा. कलम मोडायची गरजच नाही.

काटेवाला_बीड: हे बरोबर, माझ्या डोक्यात नाही आलं. दांडा चार बोटं तरी उरला पाहिजे पण.

गच्चीवरची_परभणी: कापला, वर चांगला हिरवागार निघाला! माती आपली काळीच होती, त्यानंच सडला का?

मातीत_हात_लातूर: काळी माती पाणी धरून बसते, त्यात कॅक्टस म्हणजे कठीणच. जाड वाळू, विटांचा चुरा, थोडं शेणखत, बास. आणि हा दांडा थंडीला लई नाजूक, परभणीत पारा दहाच्या खाली गेला की कुंडी घरात घ्या, पाणी जवळपास बंद. मे महिन्यात दुपारचं ऊन नको, ग्रीन नेट बांधा. पिल्लांची कलमं थंडी सरल्यावर करा, फेब्रुवारी-मार्चात.