पाय (π) म्हणजे नक्की २२/७ की ३.१४? मुलीने पेचात पकडलंय

नववीची आई:
मुलीला ‘वास्तव संख्या’ शिकवताना बाईंनी सांगितलं, की पाय ही अपरिमेय संख्या, दोन पूर्णांकांच्या भागाकारात ती मांडताच येत नाही. आणि वर्तुळाच्या एका गणितात कंसात ‘पाय = २२/७’, दुसऱ्यात ‘पाय = ३.१४’. यातलं खरं कोणतं, असं ती विचारतेय. शिवाय परीघ भागिले व्यास म्हणजे पाय, मग तो भागाकार नाही का? मी कॉमर्सची. कुणी नीट समजावेल का? रोजच्या कामात पाय कुठे लागतो, हेही तिला हवंय.

टाकीवाले काका:
कामाचं मी सांगतो. माझं लोखंडी टाक्या बनवायचं वर्कशॉप आहे. सपाट प्लेट रोलिंग मशीनमधून गोल वळवून घ्यायची, कडा जुळवायच्या आणि वेल्डिंग मारायचं. प्लेट किती लांब कापायची ते पायवर ठरतं.

समजा टाकीचा आतला व्यास १२०० मिमी आणि प्लेट ६ मिमी जाड. नवीन पोरगा सरळ १२०० ला पायने गुणतो आणि ३७७० वर खूण करतो. टाकी बारीक होते. का? वळताना प्लेटची आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते, लांबी कायम राहते ती मधल्या थराची. म्हणून व्यास धरायचा १२०६. उत्तर येतं ३७८८.८ मिमी. जवळजवळ १९ मिमीचा फरक!

आता तेच २२/७ ने करा. ३७९०.३ येतं, म्हणजे दीड मिमी जास्त. ३.१४ ने केलंत तर ३७८६.८, जवळपास २ मिमी कमी. तेव्हा मुलीला सांगा, बरोब्बर दोन्ही नाहीत, पण २२/७ जास्त जवळचं आहे. दशांशात लिहिलं की अचूक, असा पुष्कळांचा समज असतो.

मी स्वतः ३५५/११३ वापरतो. ११३३५५ लिहायचं, मधोमध तोडायचं, मागचे तीन आकडे वर, पुढचे तीन खाली. सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं. चीनच्या त्सू चोंगझी यांनी पाचव्या शतकात हा अपूर्णांक दिला, आणि माझ्या मते पायसाठी याहून कामाचा अपूर्णांक नाही.

लीलावतीप्रेमी:
काका, तुमचा निवाडा भास्कराचार्यांनी ११५० सालीच देऊन ठेवलाय! ‘लीलावती’त ते म्हणतात, ‘व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः परिधिः स सूक्ष्मः’. यात आकडे शब्दांनी सांगितलेत: भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. उजवीकडून मांडा: ३९२७. तसंच ख ०, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. व्यासाला ३९२७ ने गुणायचं, १२५० ने भागायचं, म्हणजे पाय झाला ३.१४१६. आर्यभटांनी ४९९ मध्ये हीच किंमत ६२८३२/२०००० अशी दिली होती. आणि त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात भास्कराचार्य २२/७ देतात, तो स्थूल पण व्यवहाराला योग्य म्हणून. दोन्ही शेजारी शेजारी, कुठली कशासाठी हे सांगून. पाठ्यपुस्तकात एवढी एक ओळ असती तर मुलं गोंधळली नसती, असं मला मनापासून वाटतं.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचं कोरलेलं आहे.

नववीची आई:
प्लेटचं उदाहरण तिला फार आवडलं. पण ‘भागाकार नाही का’ हे अजून अडलंय.

गणिताची बाई:
भागाकार आहेच, पण दोन *पूर्णांकांचा* नाही. व्यास मिमीत मोजा, सुताच्या मापात मोजा, हवं तर त्याचे कोटी भाग करा. व्यास पूर्ण मापात बसला की परीघ त्या मापात पूर्ण बसत नाही. चौरसाची बाजू १ घेतली की कर्ण √२ येतो, ते तिने केलंच असेल. तसंच हे, फक्त सिद्ध करणं फार अवघड. ते १७६१ मध्ये लॅम्बर्ट या गणितज्ञाने केलं.

२२/७ ज्याच्या नावावर सांगतात, त्या आर्किमिडीजनेही पाय म्हणजे २२/७ असं कधी म्हटलं नव्हतं. वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंचे बहुभुज घेऊन त्याने दाखवलं, की पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान आहे. म्हणजे २२/७ ही त्याची वरची हद्द.

तिला २२ ला ७ ने कॅल्क्युलेटर न घेता भागायला बसवा. १४२८५७ हे सहा आकडे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहतील, कारण ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते. पायच्या अंकांत अशी आवृत्ती कधीच सुरू होत नाही, कारण तशी झाली तर तो परिमेय ठरेल.