हिट गाण्यांच्या पलीकडचा बँड तुम्हाला कसा सापडला? (क्लासिक रॉक, हार्ड रॉक)

एकच गाणं शंभरदा ऐकलं की तो बँड आपल्याला माहितीये असं वाटायला लागतं, माझं डीप पर्पलचं तसंच झालेलं. त्यांच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे परत परत येणारी ती गिटारची धून, गिटार हातात घेणारा प्रत्येक जण वाजवतो, मीही वाजवायचो, पिकने (तारा छेडायच्या पत्तीने) खटाखट, पण ती कधी तशी वाजलीच नाही. मग कळलं की त्यांचा गिटारिस्ट ब्लॅकमोर तिथे पिक वापरतच नाही, दोन तारा बोटांनी एकदम छेडतो. आणि ज्याला मी इतकी वर्षं दुसरी गिटार समजत होतो ते त्यांच्या कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डचं हॅमंड ऑर्गन निघालं, गिटारच्या मार्शल अ‍ॅम्पमधून काढलेलं, म्हणून ते तसं गुरगुरतं! मग १९७२ चा लाइव्ह अल्बम 'मेड इन जपान' लावला. त्यात 'स्पेस ट्रकिन' जवळजवळ २० मिनिटं चालतं. पर्पल मला खरा तिथे सापडला.

तुमचं सांगा. याद्या नकोत, किस्से हवेत.

*

ब्लॅक सॅबथ. दारात बोट चेमटलं, तीन टाके, गिटार बंद, आणि मी घरभर तोंड पाडून फिरत होतो. तेव्हा त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी याच्याबद्दल वाचलं. १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली ना! पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तारा बारीक लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तर काही गाण्यांना दीड सूर खाली उतरवल्या. त्यातलं 'इन्टू द व्हॉइड' हेडफोनवर ऐका, चिखलातून रणगाडा यावा तशी रिफ येते. टाके निघाल्यावर पहिली तीच वाजवली. दुखलं जाम.

*

थिन लिझी!! 'जेलब्रेक', १९७६. दोन गिटार एकच धून वेगवेगळ्या सुरांत जोडीने वाजवतात आणि खाली फिल लायनट बेस वाजवत गातोय. ह्यापुढे मला काही लागत नाही.

*

माझा किस्सा जरा लाजिरवाणा आहे. माझ्या इयरफोनचा उजवा कान बंद होता आणि मी तसाच सहा महिने लेड झेपलिन ऐकला, वर लोकांना सांगत फिरलो की 'होल लोटा लव्ह'चा मधला भाग उगाच ताणलाय. नवीन इयरफोन आले आणि त्याच भागात आवाज डावीकडून निघून डोक्यातून आरपार उजवीकडे जायला लागले, मी दचकून मागे बघितलं. मग वेडच लागलं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम्स एवढे अवाढव्य का वाटतात, तर त्यांचा ड्रमर बॉनहॅम, त्याला एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये बसवलं आणि माइक वरून जिन्यात टांगले. म्हणजे त्या आवाजात अख्खा जिना आहे!

*

एसी/डीसीचं एक गाणं ऐकलं की सगळी ऐकली, हे माझं ठाम मत होतं आणि अर्धं अजूनही आहे. पण 'बॅक इन ब्लॅक' वाजवायला बसलो तेव्हा कळलं की कॉर्ड सोप्या आहेत, अवघड आहे ती मधली शांतता. कॉर्ड मारून हात तारांवर ठेवायचा आणि थांबायचं, मी दर वेळी आधीच घुसायचो. त्यांचा गिटारिस्ट माल्कम यंग कधी घुसत नाही. बरं, त्यांचा गायक बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला आणि याच नावाचा अल्बम त्याच वर्षी जुलैत आला, नवा गायक घेऊन. एवढं होऊन ताल सरळच्या सरळ.

*

रश दोनदा सोडला, आवाज झेपला नाही. तिसऱ्यांदा गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त बेस ऐकला आणि अडकलो. मग कळलं की दोन्ही एकच माणूस करतोय.

*

लिझीवाले, जोडीच्या गिटारी एवढ्या आवडतात तर विशबोन अ‍ॅशचा 'आर्गस' ऐकलाय का? १९७२ चा आहे, म्हणजे तुमच्या 'जेलब्रेक'च्या चार वर्षं आधीचा.

*

लिझीवाला बोलतोय. काल रात्री 'आर्गस' लावला. 'थ्रो डाउन द सोर्ड' तीनदा ऐकलं. एवढ्यात माझ्याशी कोणी बोलू नका.