विष्ठेतील प्रोजेस्टेरॉन चढे असूनही मादी अस्वल गाभण नसते, असे का?

प्रश्न : वन्यजीव_विद्यार्थिनी

नमस्कार. मी वन्यप्राण्यांच्या प्रजननशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि सध्या अस्वलांविषयी वाचत आहे. बहुतेक मार्जारवर्गीय प्राण्यांत मीलनानंतर गर्भ राहिला नाही, तर विष्ठेतील प्रोजेस्टेरॉनजन्य घटकांचे (प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भावस्था टिकवणारे संप्रेरक) प्रमाण लवकर खाली येते. त्यामुळे ते किती काळ चढे राहिले, एवढ्यावरूनही मादी गाभण आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. अस्वलांत मात्र हे प्रमाण दीर्घकाळ चढे राहूनही शेवटी पिल्लू जन्मत नाही, असे वारंवार नोंदवलेले दिसते. याचे कारण काय असावे? मादीला भूल न देता गर्भधारणा ओळखण्याचा भरवशाचा मार्ग आज आहे का, आणि तो जंगलातील अस्वलांनाही लागू पडेल का?

उत्तर : संप्रेरक_अभ्यासक

कारण अस्वलाच्या प्रजननचक्रातच आहे. तपकिरी अस्वल आणि अमेरिकी काळे अस्वल यांचे मीलन साधारणपणे मे ते जुलै या काळात होते. फलित बीज वाढू लागते, पण ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे पेशींच्या पोकळ गोळ्याच्या, अवस्थेला पोहोचल्यावर त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि ते गर्भाशयाच्या भिंतीत न रुजता काही महिने तसेच राहते. रुजण्याची क्रिया नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होते आणि पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत जन्मतात. म्हणजे मीलन आणि जन्म यांत सात-आठ महिन्यांचे अंतर असले, तरी गर्भाची खरी वाढ सुमारे दोनच महिन्यांत होते.

अडचण अशी की, बीजकोशातील पीतपिंड, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर तिथे तयार होणाऱ्या व प्रोजेस्टेरॉन स्रवणाऱ्या गाठी, हे सगळे महिने टिकून राहतात आणि गर्भ रुजण्याच्या काळात पुन्हा जोमाने कामाला लागतात. गर्भाशयात भ्रूण असो वा नसो, यात फरक पडत नाही. त्यामुळे आभासी गर्भावस्थेतील, म्हणजे गर्भ नसूनही शरीर गाभण असल्यासारखे वागणाऱ्या, मादीच्या विष्ठेतही प्रोजेस्टेरॉनजन्य घटकांची तीच चढण दिसते. ही चाचणी पीतपिंडांचे काम मोजते, भ्रूणाचे अस्तित्व नव्हे, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक गोंधळ हा भेद न पाळल्यामुळे होतो. सगळी अस्वले या बाबतीत सारखी नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. सूर्य अस्वलात रुजण्याला असा ठरावीक विलंब होत नाही आणि गर्भकाळ साधारण 95 दिवसांचा असतो.

म्हणून शोध घ्यायचा तो भ्रूणामुळे, वारेमुळे किंवा आईच्या शरीराने गर्भाला दिलेल्या प्रतिसादामुळे तयार होणाऱ्या पदार्थांचा. प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा या संप्रेरकासारख्या पदार्थाचा एक चयापचयजन्य घटक, ज्याला संशोधक पीजीएफएम म्हणतात, या दृष्टीने उपयोगी ठरला आहे. इबेरियन लिंक्स या रानमांजराचे पीतपिंडही मांजरकुळात अपवाद म्हणावेत इतके दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे तिथेही प्रोजेस्टेरॉन कुचकामी ठरते. पण मूत्र आणि विष्ठेतील पीजीएफएमवरून गाभण मादी वेगळी ओळखता आली. जायंट पांडाच्या मूत्रातही या घटकाच्या चढउतारांवरून खरी आणि आभासी गर्भावस्था यांत फरक करता येतो.

दुसरा पदार्थ सेरुलोप्लाझ्मिन. हे तांबे वाहून नेणारे प्रथिन असून शरीरात दाह झाला की त्याचे प्रमाण वाढते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पांडांवरील अभ्यासात मूत्रातील त्याची क्रियाशीलता गर्भावस्थेच्या पहिल्याच आठवड्यात वाढलेली आढळली आणि जन्माच्या साधारण 20 ते 24 दिवस आधी ती पुन्हा उतरली. पिल्लू न झालेल्या काही माद्यांतही अशी वाढ दिसली आणि तिचा एक अर्थ असा लावला गेला की, तिथे गर्भ राहिला होता, पण पुढे टिकला नाही. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण गर्भ राहिलाच नाही आणि राहून गेला, या दोन परिस्थितींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

उत्तर : पशुवैद्य_प्राणिसंग्रहालय

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त व्यवहाराची बाजू मांडतो. प्राणिसंग्रहालयात हा प्रश्न शैक्षणिक राहत नाही. मादी गाभण असेल, तर तिला नरापासून वेगळे करून शांत, अंधारी प्रसूतिगुहा द्यावी लागते, माणसांची ये-जा थांबवावी लागते आणि कॅमेऱ्यांवरून लक्ष ठेवावे लागते. ती गाभण नसेल, तर हा एकांतवास विनाकारण ठरतो. त्यामुळे प्रोजेस्टेरॉनची चाचणी मी टाकाऊ मानत नाही. अपेक्षित काळात चढण दिसलीच नाही, तर मादी गाभण नाही, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. चाचणीचे नकारार्थी उत्तर उपयोगी आहे; होकारार्थी उत्तरावर मात्र विसंबू नये.

सोनोग्राफी भूल न देताही करता येते. खाऊच्या बक्षिसावर शिकवलेली मादी जाळीशी येऊन स्थिर राहते आणि पोटावर प्रोब लावू देते. ही शिकवण मीलनकाळाच्या कितीतरी आधी सुरू करावी, कारण शरद ऋतूत मादी सुस्तावते आणि सहकार्य कमी करते. शिवाय योग्य वेळ साधावी लागते. रुजण्यापूर्वी पाहण्यासारखे काही नसते आणि नंतरही भ्रूण अतिशय लहान असतो. पांडाची आई शंभर किलोंच्या आसपास असते, तर नवजात पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचे. मग त्याआधीच्या आठवड्यांत आतड्यांच्या सावल्यांतून भ्रूण वेगळा ओळखणे किती कठीण असेल, याची कल्पना यावी. एकदा काही दिसले नाही म्हणून गर्भ नाही, असे लिहून टाकणे योग्य नव्हे.

नमुन्यांविषयी एक आग्रहाची सूचना. दोन माद्या एकत्र असतील, तर एकीच्या खाद्यात निरुपद्रवी रंग किंवा चमकीचे कण मिसळावेत, म्हणजे विष्ठा कोणाची हे कळते. विष्ठा ताजी असतानाच गोठवावी, नाहीतर जिवाणू संप्रेरकांच्या घटकांत बदल घडवतात. आणि सुट्या नमुन्यावरून काहीही ठरवू नये; त्याच मादीच्या आधीच्या वर्षांतील नोंदींशी तुलना केल्याखेरीज आकड्याला अर्थ येत नाही.

प्रश्नकर्ती : वन्यजीव_विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. कुत्र्याला वासावरून गर्भधारणा ओळखायला शिकवल्याचेही वाचले होते. त्यावर कितपत विश्वास ठेवावा? आणि जंगलातील अस्वलांचे काय?

उत्तर : संप्रेरक_अभ्यासक

2013 साली सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाच्या संशोधन केंद्राने ध्रुवीय अस्वलांच्या विष्ठेच्या वासावरून गर्भधारणा ओळखण्यासाठी एल्व्हिस नावाच्या बीगल कुत्र्याला प्रशिक्षण दिल्याचे जाहीर झाले होते. कल्पना उत्तम आहे, कारण नेमका कोणता रेणू शोधायचा हे ठाऊक नसतानाही कुत्रा काम सुरू करू शकतो. परंतु तो गर्भावस्थेचा वास शिकला, की सरावात वापरलेल्या ठरावीक माद्यांचा, हे तपासल्याशिवाय निकाल स्वीकारू नये. ज्या माद्यांचे नमुने त्याने कधीच हुंगलेले नाहीत आणि ज्यांचे उत्तर हाताळणाऱ्यालाही माहीत नाही, त्यांवरचीच परीक्षा खरी.

उत्तर : क्षेत्र_संशोधक

जंगलाविषयी थोडे लिहितो. गर्भ रुजतो तो काळ शीतनिद्रेचा, आणि शीतनिद्रेत तपकिरी व काळी अस्वले मलमूत्र विसर्जनच करीत नाहीत. प्राणिसंग्रहालयात ज्या आठवड्यांतील नमुने सर्वांत बोलके असतात, ते जंगलात मिळतच नाहीत. उन्हाळ्यात सापडलेल्या विष्ठेच्या डीएनएवरून मादीची ओळख पटेल, पण तेव्हा गर्भ रुजलेलाच नसतो. काटेरी तारेला अडकलेल्या केसांतूनही प्रजननसंप्रेरके मोजली गेली आहेत. मात्र केस वाढतात ते उन्हाळा ते शरद या काळात, त्यामुळे त्यांतील नोंदही रुजण्याच्या आधीची असते.

म्हणून आम्ही शरीराच्या स्थितीकडे पाहतो. पश्चिम हडसन उपसागरातील ध्रुवीय अस्वलांच्या अभ्यासात, शरद ऋतूत 189 किलोंपेक्षा कमी वजन असलेल्या एकाही मादीला पुढे पिल्ले झाली नाहीत. पाळीव स्थितीतील तपकिरी अस्वलांत शरीरातील चरबी सुमारे 20 टक्क्यांहून कमी असलेल्या माद्यांना मीलन होऊनही पिल्ले झाली नाहीत. यावरून गर्भ आहे हे कळत नाही, पण तो टिकण्याची शक्यता किती, हे दुरून घेतलेल्या छायाचित्रांवरून अंगलट पाहूनही अजमावता येते.

शरीराचे तापमान याहून बोलके असते. शीतनिद्रेत इतर अस्वलांचे तापमान उतरते, तर गाभण मादी ते प्रसूतीपर्यंत चढे ठेवते आणि नंतरच खाली येऊ देते. स्कँडिनेव्हियातील तपकिरी अस्वलांत या खुणेवरून गर्भकाळ सरासरी 56 दिवसांचा असल्याचे काढता आले. पण तापमान नोंदवणारा तापमापक शरीरात बसवण्यासाठी मादीला पकडून भूल द्यावी लागते, त्यामुळे तुमच्या अटीत ही पद्धत बसत नाही.

ध्रुवीय अस्वलांत काम थोडे सोपे होते, कारण दीर्घकाळ गुहेत राहते ती प्रामुख्याने गाभण मादीच. बाकीची अस्वले हिवाळाभर बाहेर फिरत राहतात. त्यामुळे बर्फाखालील गुहा विमानातून अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्याने शोधणे आणि मार्च-एप्रिलमध्ये तिच्यातून किती पिल्ले बाहेर पडतात हे लांबून टिपणे, एवढे मादीला स्पर्शही न करता साधते.

उत्तर : पशुवैद्य_प्राणिसंग्रहालय

तुम्ही प्रकल्प आखत असाल, तर ज्या माद्यांचा मीलनकाळ आणि पिल्लांचा जन्म दोन्ही नोंदलेले आहेत, त्यांच्या गोठवून ठेवलेल्या जुन्या विष्ठेपासून सुरुवात करावी. आणि ज्या माद्यांना त्या वर्षी नर भेटलाच नव्हता, त्यांचे त्याच महिन्यांतील नमुने तुलनेसाठी अवश्य मागून घ्यावेत.