नॉर्वेजियन तुसडे की अमेरिकन तोंडदेखले?

तेलवाला
आठ वर्षं टेक्सासमधल्या ह्यूस्टनला काढली, आता दोन वर्षं नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला आहे. दोन्ही तेलाची गावं, त्यामुळे काम तेच आणि ऑफिसातली रडगाणीही तीच. माणसं मात्र वेगळी. इथे चार भारतीय जमले की दुसऱ्या चहाला हमखास एक वाक्य येतं: "हे लोक फार तुसडे बुवा, अमेरिकेत कसे सगळे हसून बोलतात." मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

ह्यूस्टनला दुकानातली मुलगी "हाऊ आर यू" म्हणते ते आपल्या "राम राम"सारखं. "राम राम"ला कोणी रामायण ऐकवत नाही. तिथली ही रीत आहे, पण आपले लोक तिला जिव्हाळा समजून बसतात. नॉर्वेत ती रीत नाही, तर लगेच "माणुसकी नाही".

दुसरं, नॉर्वेजियनमध्ये "प्लीज"ला सुटसुटीत शब्द नाही. "वार सो स्निल" आहे, पण त्याचा अर्थ "एवढा चांगला हो", कॉफी मागताना कोण म्हणेल? त्यामुळे ते इंग्रजीत बोलतानाही सरळ "मला कॉफी दे" म्हणतात आणि समोरच्या अमेरिकनाच्या कपाळावर आठी. आपण तरी काय करतो? "कृपया" राहतं रेल्वेच्या घोषणेत. घरात "जरा पाणी दे ना" म्हणतो. सगळी कृपा त्या "जरा" आणि "ना"मध्ये.

आणि आभार? त्यात यांच्यासारखे कोणी नाहीत. जेवून उठताना लहान पोरसुद्धा "ताक फॉर मातेन" म्हणतं, म्हणजे जेवणाबद्दल आभार. (त्यांचं ताक म्हणजे धन्यवाद. पहिल्या आठवड्यात मला सारखी मठ्ठ्याची आठवण.) मी टीममधल्या पाच जणांना घरी मिसळ खायला बोलावलं होतं. गप्प खाल्ली, ताक म्हणाले, गेले. मिसळ जास्त तिखट झाली का, यावर मी आणि बायको रात्री उशिरापर्यंत बोलत होतो. तीन आठवड्यांनी त्यातला एक सुट्टीवरून परतला, कॉफी मशीनपाशी भेटला आणि "हाय"च्या आधी म्हणाला, "ताक फॉर सिस्त." मागच्या भेटीबद्दल आभार. ह्यूस्टनला "अमेझिंग! यू मस्ट गिव्ह मी द रेसिपी" खूप ऐकलं. रेसिपी एकानेही मागितली नाही.

सनीवेलची_सून
तेलवाले, रेसिपी द्या बघू, मी मागतेय.

आता भांडण. तुम्ही नोकरी घेऊन गेलात, ऑफिस होतं, टीम होती. मी डिपेंडंट व्हिसावर सनीवेलला आले तेव्हा नवरा सकाळी आठला जायचा आणि दिवसभर बोलायला भिंती. त्या वर्षी मला कोणी तारलं असेल तर तुमच्या त्या "रीती"ने. लायब्ररीतली बाई, बागेत कुत्रा फिरवणारे आजोबा, "लव्ह युअर इअररिंग्ज" म्हणणारी कॅशियर. त्यांना माझे झुमके खरंच आवडले होते की नाही, मला काय करायचंय? मी दिवसातून चार वाक्यं बोलले आणि वेडी झाले नाही. माझं इंग्रजी त्या झुमक्यांवर सुधारलं.

माझी मावसबहीण ओस्लोला आहे. पहिल्या हिवाळ्यात ती म्हणायची, "शेजारीण जिन्यात पाऊल वाजलं की दाराआड थांबते, मी गेले की बाहेर येते." ही काय खोल मैत्रीची पूर्वतयारी का? तोंडदेखलं का होईना, तोंड दाखवा ना आधी.

ध्रुवावरचा_कावळा
उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो, सहावं वर्ष. धागाकर्ते हनिमूनमध्ये आहेत, म्हणून दोन टाचण्या.

एक, रीत इथेही आहे. "वुर्दान गोर दे?" म्हणजे कसं चाललंय, आणि त्याचं ठरलेलं उत्तर "बारे ब्रा", मस्तच. घटस्फोट चालू असलेला माणूसही "बारे ब्रा"च म्हणतो. फरक इतकाच की अमेरिकन हे अनोळख्याला विचारतो, नॉर्वेजियन ओळखीच्यालाच.

दोन, या नम्रपणाला दुसरी बाजू आहे. "यान्तेलोवेन" ऐकलं असेलच. आक्सेल सान्डेमूसे या लेखकाने 1933 साली यान्ते नावाच्या एका काल्पनिक गावाचे नियम म्हणून लिहिलं, आणि पहिला नियमच असा की तू कोणी विशेष आहेस असं समजू नकोस. मुळात तो टोमणा होता. आता लोक अभिमानाने सांगतात. मी अमेरिकन पद्धतीचा बायोडेटा घेऊन मुलाखतीला गेलो, "मी नेतृत्व केलं, मी घडवून आणलं" वगैरे. समोरच्या तिघांचे चेहरे असे, जणू मी जेवणाच्या पंगतीत ढेकर दिली.

बाकी उत्तरेतली एक गंमत सांगतो. इथे बरेच लोक "या" म्हणजे "हो" म्हणताना श्वास बाहेर सोडत नाहीत, आत ओढतात. "ह्या!" असा हुंदक्यासारखा आवाज येतो. एक अमेरिकन पाहुणी माझ्या सहकारिणीला दोनदा विचारत होती, बरं वाटतंय ना? ती बिचारी नुसती सहमत होत होती.

तेलवाला
कावळेबुवा, "बारे ब्रा" मान्य, तिथे चुकलो. यान्ते मान्य नाही. ज्या देशात मॅनेजिंग डायरेक्टरला नावाने हाक मारून "दू" म्हणतात, तिथे मोठेपणा मिरवून करणार काय? आदरार्थी "दी" होतं, 1970 नंतर वापरातून जवळपास गेलं. मला अजून जड जातं. आपलं "अहो-जाहो" हाडात मुरलेलं, साठीच्या माणसाला "दू" म्हणताना जीभ अडते. शिवाय "दू" म्हणजे आपलं "तू"च की, एकाच मुळाचे.

सूनबाई, तुमचं दिवसाला चार वाक्यांचं गणित मात्र मनाला लागलं.

खवचट_पेन्शनर
अमेरिकेतही बॉसला नावानेच हाक मारतात हो. आणि शुक्रवारी दुपारी त्याच बॉसचा ईमेल येतो, खोकं घ्या आणि निघा. नावात काय आहे.

मिनेसोटाची_मामी
दोघांना वेगळं काढताय खरं, पण आमच्याकडे या आणि ठरवा कोण कोण ते. 1825 साली तुमच्याच स्टाव्हांगरहून "रेस्टॉरेशन" नावाचं लहानसं गलबत न्यूयॉर्कला निघालं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन अमेरिकेत आले, आणि त्यातले खूप जण मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटाच्या शेतांवर उतरले. माझे शेजारी त्यांच्यातलेच. हसतात अमेरिकनांसारखे, पण मनातलं सांगत नाहीत नॉर्वेजियनांसारखे. काही सांडलं, दुखलं, गारठलं की "उफ दा". डिसेंबरात चर्चमध्ये लुटेफिस्कचं जेवण, म्हणजे क्षारात भिजवून लिबलिबीत केलेला सुका मासा. मी एकदा खाल्ला. उफ दा.

यांची सत्तरीची मंडळी नातवांना फोन ठेवताना "लव्ह यू" म्हणतात. तेच शब्द पॅनकेकलाही. मूळ नॉर्वेत असं म्हणतात का हो?

ध्रुवावरचा_कावळा
नाही, आणि या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हा आहे. "एल्स्कर" म्हणजे प्रेम करतो. माणसाला हा शब्द जपून वापरतात, बहुतेक नवराबायको, प्रेमिक. आई मुलाला, मित्र मित्राला म्हणतो "ग्ला ई दाय". "तुझ्यामुळे खूश" आणि "तू मला प्रिय" यांच्या मधलं काहीतरी. मराठीत जवळचं काय, मला सापडलं नाही. "जीव आहे तुझ्यावर" म्हटलं तर थोडं जास्त होतं.

सनीवेलची_सून
माझ्या बाबांनी आयुष्यात यातलं एकही म्हटलं नाही. "जेवलीस का?" एवढंच. तेव्हा आपण कोणाला तुसडं म्हणतोय!

पण मुद्दा सोडत नाही. नॉर्वेत लोक बाळाला थंडीत बाबागाडीत बाहेर झोपवून आत कॉफी पितात, बरोबर? 1997 मध्ये न्यूयॉर्कला एका डॅनिश बाईने तसंच केलं तर तिला अटक झाली होती. मला वाटतं सगळं इथेच आहे. ज्यांचा अनोळख्यांवर इतका विश्वास, त्यांना हसून "मी धोकादायक नाही" सांगावं लागत नाही. अमेरिकेत सांगावं लागतं. म्हणजे आमचं हसू खोटं नाही, गरजेचं आहे.

तेलवाला
हे पटलं. (पाच मिनिटं उत्तर शोधलं, मग पटलं.)

खवचट_पेन्शनर
एवढा विश्वास, तर पगार का नाही सांगत?

तेलवाला
सांगायची गरजच नाही! दर वर्षी कराच्या याद्या जाहीर होतात, कोणाचं करपात्र उत्पन्न किती ते सरकारी साइटवर बघता येतं. फक्त 2014 पासून, तुम्ही कोणाचं बघितलंत हे त्या माणसालाही कळतं. तेव्हापासून बघणारे खूप कमी झाले. अमेरिकन माणूस विमानात शेजाऱ्याला पित्ताशयाचं ऑपरेशन सांगेल, पगार सांगणार नाही. इथे बरोबर उलटं.

खवचट_पेन्शनर
म्हणजे स्थळ बघायला उत्तम देश.

मिनेसोटाची_मामी
तेलवाले, तुम्ही टेक्सासहून गेलात हे तिथे सांगता का? माझा शेजारी म्हणतो, तिकडे "तेक्सास" म्हणजे गोंधळ.

तेलवाला
खरं आहे. "देत वार हेल्त तेक्सास" म्हणजे नुसता धुमाकूळ होता, बोलीभाषेत सर्रास म्हणतात. मी पहिल्या दिवशी ओळख करून देताना "आठ वर्षं टेक्सास" म्हटलं आणि सगळे हसले. मला वाटलं, किती मोकळी माणसं! त्यानंतर ख्रिसमस पार्टीपर्यंत कोणी हसलं नाही.

सनीवेलची_सून
ते राहू दे. मिसळीत तर्री वेगळी करता की वरून?